सिमेंटयुक्त खाण-भरावातील क्रीप

सिमेंटयुक्त खाण-भरावातील क्रीप म्हणजे भूमिगत खाणीतील पोकळीत भरलेल्या सिमेंटमिश्रित भरावात, त्यावरील भार न वाढताही, वर्षानुवर्षे होत राहणारी मंद विकृती होय. पुस्तकांनी लादलेली लाकडी फळी कालांतराने मधोमध वाकते, तसाच हा प्रकार आहे.

नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गुमगाव, चिखला इत्यादी मँगनीज खाणींत पोकळ्या पाण्याबरोबर सोडलेल्या वाळूने भरण्याची पद्धत आहे. सातारा-सांगलीकडील दगडखाणी उघड्या असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. नुसती वाळू बाजूचा आधार काढताच ढासळते. शेजारचे खनिजही काढायचे असेल, तर भराव स्वतःच्या बळावर उभा राहावा लागतो. त्यासाठी सिमेंट मिसळतात. राजस्थानातील रामपुरा आगुचा येथे खनिज-शुद्धीकरणातून उरलेल्या चुऱ्याचा असा भराव वापरतात. सिमेंटचे प्रमाण सहसा काही टक्केच असल्याने तो काँक्रीटपेक्षा पुष्कळ दुबळा असतो.

प्रतिमाने

बर्गर प्रतिमानात भरावाची कल्पना दोन स्प्रिंगा व घट्ट द्रवात सरकणारे दोन दट्टे यांच्या जोडणीने करतात. त्यातून भार पडताच होणारी विकृती, हळूहळू मंदावणारी विकृती आणि स्थिर वेगाने वाढणारी विकृती मिळते. मात्र भराव मोडण्यापूर्वी विकृतीचा वेग वाढत जातो, ती अवस्था यात येत नाही. आणि धोका तर तिच्यातच असतो. निशिहारा प्रतिमानात ठरावीक प्रतिबलानंतरच सरकणारा एक घटक जोडलेला असतो.

खरी अडचण वयाची आहे. भराव सरकत असतानाच त्यातील सिमेंट घट्ट होत असते, त्यामुळे प्रतिमानातील स्थिरांक स्थिर राहत नाहीत. काँक्रीटसाठी आय.एस. ४५६ : २००० या भारतीय मानकात अंतिम क्रीप विकृतीचे स्थितिस्थापक विकृतीशी गुणोत्तर ७ दिवसांच्या वयात भार आल्यास २.२, २८ दिवसांच्या वयात १.६ आणि एक वर्षाच्या वयात १.१ धरले आहे. हे आकडे भरावाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण वयाचा परिणाम त्यांतून स्पष्ट होतो. कोवळ्या नमुन्यावरून काढलेले स्थिरांक कायम ठेवल्यास क्रीप वास्तवापेक्षा अधिक दिसते. उलट चुऱ्यात गंधकयुक्त खनिजे असतील, तर त्यांपासून बनणारी सल्फेटे सिमेंटचे बंध पोखरतात व अंदाज अपुरा पडतो.

शिवाय प्रयोगशाळेत भार स्थिर असतो. खाणीत मात्र आत सरकणाऱ्या खडकाच्या भिंती भरावाला दाबत राहतात. त्यामुळे काही आठवड्यांच्या चाचणीवरून केलेले दीर्घकालीन अनुमान भरावात पुरलेल्या दाबमापकांच्या नोंदींशी पडताळून पाहावे लागते.