बुद्धिबळ महासंघ ‘सुधारायचा’ म्हणजे नेमकं काय बदलायचं?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना बऱ्याच जणांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ‘भारतातील क्रीडा संघटनांच्या सुधारणा’ हा असाच एक विषय. त्यावर प्रत्येकाचं मत तयार असतं: राजकारणी नकोत, खेळाडू हवेत, पारदर्शकता हवी. मतं चुकीची नाहीत. पण ती संशोधन आराखड्यात लिहिली की समोरचे सर किंवा मॅडम पहिल्यांदा हेच विचारणार, की सुधारणा झाली की नाही हे तुम्ही ओळखणार कसं?

आज अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचं उदाहरण घेऊन हा विषय सोलून बघू. बुद्धिबळ निवडायला दोन कारणं आहेत. या खेळाची आकडेवारी जवळजवळ सगळी उघड असते, आणि रेटिंगचं गणित इतकं स्वच्छ आहे की संघटनेकडे सत्ता कुठून येते हे त्यातूनच दिसतं. मी मूळची भौतिकशास्त्राची, त्यामुळे सुरुवात गणितापासूनच करते.

आधी शिडी समजून घ्या

समजा, आगरदांड्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीला फिडेचं म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं रेटिंग मिळवायचंय. तिला थेट फिडेकडे जाता येत नाही. तिची नोंदणी राष्ट्रीय महासंघातून होते. ती जी स्पर्धा खेळणार, ती फिडेकडे पाठवली जाते राष्ट्रीय महासंघामार्फतच. राज्याच्या संघात निवड हवी असेल तर आधी जिल्हा, मग राज्य. म्हणजे वरपर्यंत एकच शिडी आहे आणि प्रत्येक पायरीवर एकच संघटना बसलेली आहे.

१९५१ साली स्थापन झालेल्या या महासंघात मतदान करतात ते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. २०२१ च्या निवडणुकीत एकूण ६४ मतं होती. अध्यक्षपदाचा निकाल ३३ विरुद्ध ३१ असा लागला आणि सचिवपदाचा ३५ विरुद्ध २९. रेटिंग असलेले हजारो खेळाडू या ६४ मध्ये कुठेच नव्हते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकच महासंघ का? उत्तर गणितात आहे

पटत नसेल तर दुसरी संघटना काढा, असं सहज म्हटलं जातं. ते का जमत नाही, हे एलो रेटिंग समजलं की कळतं.

एलो पद्धतीत अपेक्षित निकाल ठरतो तो दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून. फरक २०० असेल तर वरच्या खेळाडूला साधारण ७६ टक्के गुण अपेक्षित असतात. मग ते दोघे १४०० आणि १२०० असोत, की २६०० आणि २४००. म्हणजे रेटिंगच्या स्वतःच्या आकड्याला अर्थ नाही, फरकाला आहे. स्थितिज ऊर्जेसारखंच हे: शून्य पातळी कुठेही धरा, उत्तर बदलत नाही.

आता खेळाडूंचे दोन गट कल्पा, जे एकमेकांशी कधीच खेळत नाहीत. एका गटातल्या सगळ्यांच्या रेटिंगमध्ये ३०० मिळवले तरी त्या गटातलं एकही भाकीत बिघडणार नाही. त्यामुळे या गटातला १८०० आणि त्या गटातला १८०० यांची तुलना करायला काही आधारच उरत नाही. अमेरिकेत याचं टोकाचं उदाहरण घडलं. व्हर्जिनियातल्या तुरुंगात क्लॉड ब्लडगूड हा कैदी मुख्यतः इतर कैद्यांशीच खेळत राहिला, आणि १९९६ मध्ये त्याचं राष्ट्रीय रेटिंग २७०२ वर पोचलं. कागदावर तो देशात दुसरा होता!

यातून निष्कर्ष असा, की रेटिंगची किंमत सगळे एकाच जाळ्यात असण्यात आहे. समांतर संघटना निघाली की खेळाडूला पर्याय मिळत नाही, त्याचं जाळं तुटतं. ऑनलाइन खेळून कितीही रेटिंग कमावलं तरी त्यावर ग्रँडमास्टर किताब मिळत नाही. म्हणून इथली मक्तेदारी ही खेळाच्या रचनेतूनच येते. पदाधिकारी कितीही सज्जन असले तरी ती राहणारच.

बाहेर पडणं आणि आवाज उठवणं

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी मांडणी केली. एखादी संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. बाहेर पडणं सोपं असेल तर संस्था त्या धाकानं सुधारते. ते अवघड असेल तर आवाजालाच वजन असावं लागतं.

आमच्याकडचं उदाहरण देते. आगरदांड्याहून दिघीला जायला खाडीतून फेरीबोट आहे. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. पर्याय आहे, पण इतका लांबचा की रोज जाणारा तो धरणार नाही. अशा ठिकाणी तिकिटाचा दर, वेळापत्रक आणि तक्रारीची सोय आधीच लेखी ठरलेली असावी लागते, कारण ‘नाही आवडलं तर दुसरीकडे जा’ हे वाक्य तिथे पोकळ ठरतं. महासंघ आणि खेळाडूचं नातं हे असंच आहे.

आता तीन प्रकरणं बघा.

पहिलं १९७६ चं. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं ठरवलं आणि मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांमध्ये महिलांना अडवता येणार नाही. आवाज पोचला खरा, पण न्यायालय आणि फिडे गाठल्यावर.

दुसरं महाराष्ट्राचंच. गेल्या दशकात महासंघानं महाराष्ट्र चेस असोसिएशनची संलग्नता काढून घेतली आणि राज्यात ऑल मराठी चेस असोसिएशनला मान्यता मिळाली. वाद न्यायालयात गेला, पुढे जुनी संघटना पुन्हा संलग्न झाली. अशा भांडणात खेळाडूच्या पालकाला एकच प्रश्न पडतो: यंदाची राज्य निवड चाचणी कोणाची धरायची?

तिसरं प्रकरण संशोधनाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं. चेस असोसिएशन ऑफ इंडिया या वेगळ्या संघटनेच्या स्पर्धेत खेळल्याबद्दल महासंघानं काही खेळाडूंवर कारवाई केली. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही, असं लेखी हमीपत्र नोंदणीच्या वेळीच घेतलं जायचं. खेळाडूंनी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तिथून विषय भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेला. जुलै २०१८ मध्ये आयोगानं म्हटलं, की महासंघानं आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला. दंड झाला ६.९२ लाख रुपये. दंडापेक्षा महत्त्वाचा होता आदेशाचा पुढचा भाग: इतरांच्या स्पर्धांना परवानगी कोणत्या निकषांवर देणार ते ठरवा, आणि खेळाडूंवरची बंधनं प्रमाणात ठेवा. युरोपीय आयोगानं डिसेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाच्या अशाच नियमांविरुद्ध निर्णय दिला होता. म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.

२०११ ते २०१८, सात वर्षं. तक्रारीच्या वेळी बारा वर्षांची असलेली मुलगी निकाल लागेपर्यंत एकोणीस वर्षांची होते. ज्युनिअर गटांतलं तिचं जवळजवळ सगळं वय संपलेलं असतं.

आता प्रस्ताव एकेक करून तपासू

प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारा: यामुळे कोणता अधिकार कोणाकडून कोणाकडे जातो?

*कार्यकाळ आणि वय.* २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेचा भर यावर होता. त्याच संहितेच्या आधारे जून २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं महासंघाच्या सचिवांची निवड रद्द केली. सलग दुसऱ्यांदा निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात, मिळाली होती ६४ पैकी ३५. चेन्नईजवळचं ऑलिंपियाड तोंडावर असल्यानं सर्वोच्च न्यायालयानं त्यांना १५ ऑगस्टपर्यंत काम करू दिलं. नियम चांगला आहे, पण त्यानं खुर्चीवरचा माणूस बदलतो. खुर्चीचे अधिकार तेवढेच राहतात.

*खेळाडूंचं प्रतिनिधित्व.* संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची, त्यात किमान ४ महिला आणि किमान २ नामवंत खेळाडू अशी तरतूद आहे. गणित करून बघा. १५ मतांत बहुमत ८ चं. ते दोन खेळाडू एकत्र मत देतात असं धरलं, तरी निकाल त्यांच्या हातात कधी येतो? उरलेले १३ जण ७–६ असे फुटले तरच. शिवाय ‘नामवंत’ कोण? नाशिकचा विदित गुजराथी किंवा नागपूरची दिव्या देशमुख काही बोलले तर त्याची बातमी होतेच. आवाज नाही तो १५०० रेटिंगच्या मुलीला, आणि तिच्यासाठी कार्यकारिणीत जागा नाही. खेळाडूंच्या समितीची तरतूदही कायद्यात आहे. ती कोण निवडणार, यावर तिचं वजन ठरेल.

*तंटा निवारण.* त्याच कायद्यात राष्ट्रीय क्रीडा लवाद आहे. हा प्रस्ताव मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं आवाज उठवायचा खर्च कमी होऊ शकतो. मोजायलाही सोपा: तक्रारीपासून निर्णयापर्यंत किती दिवस?

*पैसा.* महासंघाच्या २०२४ मध्ये आलेल्या नव्या कार्यकारिणीनं ६५ कोटी रुपयांचं अंदाजपत्रक जाहीर केलं. गुणी मुलांना पाठ्यवेतन मिळणं चांगलंच. अधिकारांच्या वाटणीत मात्र त्यानं फरक पडत नाही.

*नियामक आणि आयोजक वेगळे करणं.* स्पर्धेला परवानगी देणाराच स्वतः स्पर्धा भरवतो आणि फी घेतो, तिथे हितसंबंध आडवे येणारच. म्हणून परवानगीचे निकष लेखी हवेत, उत्तराला मुदत हवी, नकाराचं कारण द्यावं लागायला हवं. मुरूडच्या एखाद्या शाळेनं अटी पूर्ण केल्या तर तिला मानांकित स्पर्धा भरवता आलीच पाहिजे. जाळं एकच राहतं, पण त्यात शिरण्याचं दार कोणाच्या मर्जीवर राहत नाही. माझ्या मते खरी सुधारणा इथून सुरू होते. आणि गंमत म्हणजे निवडणुकीच्या गदारोळात चर्चा सगळ्यात कमी होते ती याचीच.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

फिडेच्या रेटिंग याद्या दर महिन्याला निघतात आणि मोफत उतरवता येतात. नोंदवलेल्या स्पर्धा, त्यांचं गाव आणि तारखाही दिसतात. यातून एक नेटका प्रश्न तयार होतो: २०१८ च्या आदेशाआधी आणि नंतर, कोकणातल्या प्रत्येक तालुक्यापासून सर्वांत जवळची मानांकित स्पर्धा किती किलोमीटरवर होती? ‘पारदर्शकता वाढली का’ यापेक्षा हा प्रश्न लहान आहे, पण त्याला उत्तर आहे.

तीन खड्डे मात्र आधीच सांगते.

पहिला: १ मार्च २०२४ रोजी फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदम वाढवलं. २००० पर्यंत जितकं कमी, त्याच्या ४० टक्के मिळवले. १२०० चा खेळाडू रातोरात १५२० झाला. हे लक्षात न घेता ‘आधी आणि नंतर’ची सरासरी काढलीत तर नव्या योजनांमुळे अख्खा भारत हुशार झाला, असं दिसेल.

दुसरा: सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये दोन्ही सुवर्णपदकं, डिसेंबरमध्ये गुकेश जगज्जेता, २८ जुलै २०२५ रोजी दिव्या महिला विश्वचषक विजेती. यावरून ‘महासंघ उत्तम चाललाय’ म्हणता येत नाही आणि ‘महासंघ असूनही जिंकले’ असंही नाही. दोन्हीला तुलनेसाठी दुसरी बाजूच नाही. वरचे पाच जण बघून शिडीच्या खालच्या पायऱ्या कळत नाहीत.

तिसरा: मुलाखती घेणार असाल तर खेळाडू मोकळं बोलणार नाहीत, कारण पुढच्या निवडीची भीती असते. नावं गुप्त ठेवणं पुरत नाही. ‘रायगडमधली, १४ वर्षांखालील, अमुक रेटिंगची मुलगी’ एवढं लिहिलं तरी जिल्ह्यात सगळ्यांना ती ओळखू येते. वय आणि रेटिंग गटांत द्या, जिल्ह्याऐवजी विभाग लिहा, आणि पालकांची लेखी संमती घ्या.

आराखड्याचं पहिलं पान लिहाल तेव्हा ‘सुधारणा’ हा शब्द एकदाही न वापरता लिहून बघा. त्याजागी प्रत्येक वेळी कोणता अधिकार, कोणाकडून, कोणाकडे आणि ते कशावरून कळणार, हे लिहा. चार ओळी लिहून अडलात तर प्रश्न अजून सापडलेला नाही, याद्या उतरवण्याआधी त्यावरच आणखी बसा.