पहिल्या नोंदीपासून

नगर शहराच्या सावेडी भागातल्या माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालू असतो. बिटकॉइनच्या साखळीत ३ जानेवारी २००९ पासून आजपर्यंत नोंदला गेलेला प्रत्येक व्यवहार त्याच्या डिस्कवर आहे. सहाशे जीबीच्या वरचा हा मजकूर यंत्राने नुसता उतरवून ठेवलेला नाही, पहिल्या नोंदीपासून स्वतः तपासून घेतला आहे. सरासरी दर दहा मिनिटांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, येतो, तोही तपासल्याशिवाय ठेवला जात नाही. या सॉफ्टवेअरचं नाव बिटकॉइन कोअर. २०१४ पर्यंत त्याला बिटकॉइन-क्यूटी म्हणत. आलेला प्रत्येक ब्लॉक असा स्वतः तपासणाऱ्या यंत्राला फुल नोड म्हणतात.

घरी येणारे बहुतेक जण एकच विचारतात, "यातून किती सुटतात?" एक रुपयाही सुटत नाही. नवी नाणी मिळतात ती मायनिंग करणाऱ्यांना, म्हणजे नवे ब्लॉक तयार करणाऱ्यांना. त्यांची यंत्रं वेगळी आणि विजेची बिलंही वेगळी. नोड फक्त तपासतो. हा फरक ठाऊक नसल्याची किंमत महाराष्ट्रात लोकांनी मोजली आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत मायनिंगच्या जोरावर दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं आश्वासन दिलं जात होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी ती चालवणाऱ्यांना अटक केली. त्या काळात एका ब्लॉकमागे १२.५ नवी नाणी निघत आणि दिवसाला साधारण १४४ ब्लॉक होत. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला १,८०० नाणी. गुंतवणारे शंभर असोत की लाख, त्यात एका नाण्याचीही भर पडणार नव्हती. हा आकडा कोणत्याही नोडवर कोणालाही फुकट पाहता येत होता. तो पाहायचा असतो हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

असा नोड स्वतः चालवायचा तर सॉफ्टवेअर उतरवलं की लगेच चालू करायचं नाही. उतरवलेल्या फाइलवरून चौसष्ट अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढायचा आणि प्रकल्पाने जाहीर केलेल्या यादीशी तो अक्षरन् अक्षर जुळवायचा. मग त्या यादीवरच्या डिजिटल सह्या तपासायच्या. ठिकठिकाणचे विकसक एकाच मूळ कोडवरून आपापल्या यंत्रावर स्वतंत्रपणे प्रोग्राम बांधतात आणि सगळ्यांचा निकाल तंतोतंत एक आला तरच सह्या होतात. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढची सगळी तपासणी जो प्रोग्राम करणार तोच खोटा असेल तर बाकीच्या कष्टांना अर्थ उरत नाही.

प्रोग्राम पहिल्यांदा चालू झाला की तो जगात इतर नोड कुठे आहेत ते शोधतो आणि स्वतःहून दहा जोडण्या करतो. त्यातल्या आठ सगळ्या कामांसाठी आणि दोन फक्त ब्लॉकच्या देवाणघेवाणीसाठी. पलीकडे कोण आहे हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते. आधी येतात ते ब्लॉकचे मथळे, प्रत्येकी अवघे ८० बाइट. नऊ लाखावा ब्लॉक जून २०२५ मध्ये झाला. तिथवरचे सगळे मथळे मिळून ७२ एमबीच्या आसपास भरतात. त्यामुळे साखळीचा सांगाडा लवकर उभा राहतो, आणि मग एकेक ब्लॉक आत भरत जातो.

हे भरणं लॉग फाइलमध्ये ओळीओळीने दिसतं. प्रत्येक ओळीत ब्लॉकचा क्रमांक, त्याची तारीख, तोवरचे एकूण व्यवहार. २००९ साल भराभर सरकतं, कारण तेव्हाच्या बहुतेक ब्लॉकमध्ये मायनरला मिळालेल्या ५० नाण्यांच्या नोंदीखेरीज काहीच नाही. २०१२ च्या पुढे ओळींचा वेग उतरतो. २०१७ नंतर पंख्याचा आवाज वाढतो. २०२३ च्या पुढे तर यंत्र मेटाकुटीला येतं. त्या वर्षी जानेवारीत साखळीत चित्रं आणि मजकूर कोरण्याची ऑर्डिनल्स नावाची टूम निघाली आणि बारीकसारीक नोंदींचा पूर आला. फिरत्या हार्ड डिस्कवर हा टप्पा अक्षरशः रखडतो. एसएसडी हवीच, आणि प्रोग्रामला कॅशसाठी ठरवून दिलेली मेमरीही वाढवून द्यावी.

डिस्क का रखडते हे समजलं की नोड समजला. पेढीच्या भाषेत सांगायचं तर ब्लॉकच्या फाइली म्हणजे रोजकीर्द. प्रत्येकी जास्तीत जास्त १२८ एमबीच्या, एकामागून एक लिहिलेल्या, पुन्हा क्वचितच उघडाव्या लागणाऱ्या. पण शेजारी चेनस्टेट नावाचा दुसरा फोल्डर असतो. त्यात फक्त आज शिल्लक असलेली, अजून कोणी न खर्चलेली नाणी असतात. नव्या व्यवहारात कोणी म्हणालं की हे नाणं मी देतोय, तर ते या यादीत सापडलं पाहिजे. सापडलं, सही जुळली, दिलेली रक्कम आलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही असं ठरलं, की जुनी नोंद खोडायची आणि नवी लिहायची. एका ब्लॉकमध्ये अशी हजारो शोधाशोध असते. मायनरने स्वतःला नियमापेक्षा जास्त घेतलं नाही ना, हेही बघायचं. एक गोष्ट चुकली तरी अख्खा ब्लॉक नाकारायचा, मग तो पाठवणारा कितीही मोठा असो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. कोअर नेहमीच्या मांडणीत जुन्या ब्लॉकमधल्या सह्या तपासत नाही. विकसकांनी प्रोग्राममध्ये एक ब्लॉक नमूद केलेला असतो, त्याच्या आधीच्या सह्या बरोबर धरल्या जातात. रकमांचा आणि शिल्लक नाण्यांचा ताळा मात्र पूर्ण होतो. ही सोय बंद करता येते. मी बंद केली. त्याने वेळ बराच वाढला, पण दुसऱ्याच्या शब्दावर काहीच सोडायचं नाही म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि मग सह्याच सोडायच्या, हे मनाला पटेना.

या साखळीत थांबून पाहण्यासारख्या काही जागा आहेत. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या एका ब्लॉकमध्ये कोणीतरी शून्यातून सुमारे १८ हजार ४०० कोटी नाणी निर्माण केली. एकूण मर्यादा २ कोटी १० लाखांची! दोन रकमा इतक्या प्रचंड लिहिल्या होत्या की बेरीज संगणकाच्या पूर्णांकात मावेना. ती उलटून ऋण झाली आणि तपासणीतून सुटली. बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याने काही तासांत दुरुस्ती दिली, लोकांनी नवा प्रोग्राम चढवला आणि चांगली साखळी वाईट साखळीच्या पुढे गेली. आज माझ्या यंत्रात ७४,६३८ क्रमांकावर जो ब्लॉक आहे तो साधासुधा आहे. त्या दिवशी न्यायनिवाडा करायला कोणी अधिकारी नव्हता. नोड चालवणाऱ्यांनी ठरवलं, आणि ते टिकलं.

शिल्लक नाण्यांची मोजदाद करणारी एक आज्ञाही आहे. ती दिली की यंत्र सारी यादी चाळून एकूण आकडा सांगतं. तो सूत्राने येणाऱ्या आकड्यापेक्षा जरासा कमी येतो. पहिल्या ब्लॉकमधली ५० नाणी कधीच खर्चता येत नाहीत, म्हणून ती यादीतच नाहीत. २०१० च्या नोव्हेंबरात दोन मायनिंग नोंदी हुबेहूब आधीच्यासारख्या झाल्या आणि त्यात १०० नाणी बुडाली. काही मायनरांनी आपला वाटा पूर्ण उचललाच नाही. तफावत कुठून आली हे शोधत जाण्यात मला जे शिकायला मिळालं ते कोणत्याही भाषणात मिळालं नसतं.

वहीत काय आहे ते पाहू द्या, ही मागणी नगर जिल्ह्याला नवी नाही. माहितीच्या अधिकाराची महाराष्ट्रातली चळवळ पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीशी जोडलेली आहे. अण्णा हजारेंचं त्यासाठीचं आझाद मैदानावरचं उपोषण २००३ मधलं. आणि याच शहरात १९१० साली सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. ठेवीदाराच्या हातात पासबुक असतं. बँकेने कर्जं कुणाला दिली आणि ती परत येणार का, हे त्या पासबुकात नसतं. मात्र तिथे ठेव विमा आहे, ५ लाखांपर्यंतची रक्कम कायद्याने मिळते. बिटकॉइनला असं काहीही संरक्षण नाही. वही पूर्ण उघडी आहे, पण ती उघडी असल्याने तुमचे पैसे बुडायचे थांबत नाहीत. भाव पडला तर पडला, नाणी खर्चण्याची गुप्त किल्ली हरवली तर हरवली.

किल्लीवरून वॉलेटकडे येतो. कोअरमध्येच वॉलेट आहे, आणि त्यात नाणी नसतात, किल्ल्या असतात. शिल्लक किती ते वॉलेट दर वेळी आपल्याच डिस्कवरच्या साखळीवरून काढतं. म्हणून नोड महिनाभर बंद ठेवून उघडला तर मधल्या काळात आलेली रक्कम दिसत नाही, आणि पैसे गेले म्हणून माणसं घाबरतात. साखळी आजच्या तारखेला पोचू द्यायची, एवढाच उपाय. उलट मोबाइलवरचं साधं वॉलेट कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरला विचारतं की या पत्त्यांवर किती आहे. उत्तर देणाऱ्याला तुमचे सगळे पत्ते कळतात आणि तो सांगेल ते तुम्हाला मानावं लागतं. एक्स्चेंजवर तर किल्लीही आपली नसते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना आपले पैसे काढता येईनात.

स्वतःकडे किल्ली ठेवणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इतर अनेक वॉलेट देतात तसे बारा किंवा चोवीस शब्द कोअर देत नाही. वॉलेटच्या फाइलचीच प्रत काढून वेगळ्या जागी ठेवावी लागते. आणि पासवर्ड विसरला तर तो बदलून देणारं कोणीही नाही. कारकून नाही, हेल्पलाइन नाही.

रोजच्या अडचणी साध्या आहेत. पहिली वीज. नोड आज्ञा देऊन बंद करायचा असतो. अचानक लाइट गेली की चेनस्टेटची यादी अर्धवट लिहिलेली राहू शकते. बहुतेक वेळा प्रोग्राम थोडं मागे जाऊन सावरतो, कधी सगळी यादी ब्लॉकवरून नव्याने बांधावी लागते. माझ्याकडे हे घडलं तेव्हापासून यंत्र यूपीएसवर आहे. दुसरी अडचण इंटरनेटची. इथल्या घरगुती जोडण्यांमध्ये पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो. त्यामुळे आपण बाहेर जोडू शकतो, पण बाहेरचा नवा नोड ८३३३ या पोर्टवरून आपल्याकडे येऊ शकत नाही. टॉर नावाच्या जाळ्यातून वाट काढता येते आणि मग कुठल्यातरी देशातला नवखा नोड आपल्याकडून जुने ब्लॉक मागून नेतो. ते पाहताना मला मनापासून बरं वाटतं. डेटाची मर्यादा असेल तर अपलोडला लगाम घालायची सोय आहे. डिस्क लहान असेल तर प्रूनिंग करावं. सगळे ब्लॉक तपासून जुने पुसून टाकले जातात आणि किमान ५५० एमबी ब्लॉक ठेवूनही काम चालतं. तपासणी तेवढीच कडक राहते.

कराचंही सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. कुणी सल्ला विचारला तर बिटकॉइन घ्या असं मी सांगत नाही. ज्याने घेतलंय त्याने ते स्वतः तपासायला शिकावं, एवढाच आग्रह धरतो.

आणखी एक आग्रह आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे आहे. लोणीचं प्रवरा, संगमनेरचं अमृतवाहिनी, कोपरगावचं संजीवनी, तिन्ही १९८३ पासूनची. ब्लॉकचेनवर व्याख्यानं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. त्याऐवजी प्रयोगशाळेतल्या एका कोपऱ्यात एक नोड कायमचा चालू ठेवा. सरावासाठी सिग्नेट नावाचं वेगळं जाळं आहे, तिथल्या नाण्यांना किंमत नसते. रेगटेस्ट नावाच्या व्यवस्थेत तर विद्यार्थी आपल्याच यंत्रावर ब्लॉक तयार करू शकतो, खोटा व्यवहार घुसवून पाहू शकतो आणि नोड तो कोणत्या नियमावर नाकारतो हे वाचू शकतो. एक जुना संगणक, एक टीबीपेक्षा मोठी एसएसडी आणि यूपीएस एवढ्यावर हे होतं. एकही नाणं विकत घ्यावं लागत नाही.