कुंपण नसलेला कारभार

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते. पर्यटकाला आत गाडीतून उतरायची परवानगी नाही. बीटवरच्या वनरक्षकाची नोकरीच मुळी पायी चालण्याची. सोबत एखादा वनमजूर, हातात काठी, खिशात ‘एम-स्ट्राइप्स’चं ॲप असलेला मोबाइल. कुठून कुठे चाललो, पगमार्क कुठे उमटलेत, कोणता पाणवठा आटत आलाय, सगळं त्यात नोंदवायचं. उन्हाळा तोंडावर आला की जाळरेषा साफ करायच्या, पुढे वणव्याच्या दिवसांत पाठीवर ब्लोअर. वाघ राखण्याचं काम बरंचसं असं कंटाळवाणं असतं. ते तसं राहिलं, तर सगळं ठीक चाललंय असं समजावं.

बिनधोक मात्र ते कधीच नसतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेची पाहणी चालू असताना ‘माया’ वाघिणीनं एका महिला वनरक्षकाला ठार केलं. हीच माया पर्यटकांच्या कॅमेऱ्यांची लाडकी होती.

ताडोबा हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं, ११६ चौरस किलोमीटरचं. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं, नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि २०१० पासून त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर. गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं उठून बाहेर गेली. ज्याच्या नावावरून ताडोबा म्हणतात, तो गोंडांचा तारू देव मात्र तलावाकाठीच राहिला.

गणनेची रीत साधी, पण चिकाटीची. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. २०२२ च्या गणनेत प्रकल्पाच्या हद्दीत ९७ वाघ निघाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाघांचा आकडा मात्र दोनशेच्या वर सांगितला जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त वाघ प्रकल्पाच्या रेषेबाहेर राहतात: ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्यांलगत, कोळसा खाणींच्या झुडपांत, अगदी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. गाभ्यात वाघाला जागा दिली की काम भागतं. बाहेर त्याच जागेत माणसाचं पोट असतं.

मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात. गुरं आणि हरणं खाऊन जाण्याआधी ती वेचायची, म्हणून बायका उजाडण्यापूर्वी निघतात आणि वाकून, उकिडवं बसून वेचतात. मागून पाहणाऱ्या वाघाला तो माणूस वाटेलच असं नाही. मेमध्ये तेंदूपत्त्याची तोड, पुन्हा तसंच वाकणं. म्हणून गावोगावच्या तरुणांची प्राथमिक प्रतिसाद पथकं (पीआरटी) उभी केली. वाघ दिसला की वनविभागाला कळवायचं आणि बघ्यांची गर्दी आवरायची. त्यातलं दुसरं काम जास्त अवघड, कारण गर्दीने घेरलेला वाघ हमखास बिथरतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर २५ लाखांची मदत मिळते. रक्कम वाढत गेली, हे चांगलंच. पण सरपणाला जाणं तिने थांबत नाही.

वाघ उचलून दूर नेण्याचाही मार्ग आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. २०२४ मध्ये ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला गेल्या. झीनत तिथून झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालात पोहोचली. डिसेंबरअखेर बांकुड्यात तिला पकडावं लागलं. नकाशावर आपण ठरवलेलं घर वाघाने मानावं, ही अपेक्षाच थोडी भाबडी.

न उचलताही वाघ जातातच. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. १३ जणांचा जीव घेणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथेच जेरबंद झाला. त्याआधीच्या वर्षी छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळपही जिल्ह्यात उतरला होता, आणि दक्षिणेला कोलामार्कात रानम्हशी आहेत. जंगल अफाट आहे, पण त्याचा मालक एकटा वनविभाग नाही. जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे शेकडो ग्रामसभांनी तो घेतला. बांबू आणि तेंदूपत्ता त्या स्वतः विकतात. ऐन हंगामात एखाद्या कक्षात वाघीण पिल्लांसह बसली, तर तोड बंद करण्याचा हुकूम तिथे साहेबाला परस्पर काढून भागत नाही. बुडणारी मजुरी कोण भरणार, हे आधी ग्रामसभेत सांगावं लागतं.