गाडीदुरुस्तीची जुनी स्वस्ताई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबलपूरहून सिहोरा-कटनीकडे जाणाऱ्या, पूर्वी 7 आणि आता 30 हा क्रमांक असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर पनागर वसले आहे. ज्या जबलपुरात लष्करासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही वाहने तयार झाली, त्याच्या इतक्या जवळच्या या परिसरात गाडीदुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न कोणालाच परका नाही. पूर्वी पन्नास रुपयांत होणाऱ्या कामाला आता हजार रुपये मोजावे लागतात, म्हणजे दुरुस्ती वीस पटींनी महागली, असे जुन्या गाडीमालकांच्या तोंडी नेहमी असते. परंतु हा हिशेब टिकत नाही.

यातील मूळ चूक केवळ रुपयांचे आकडे शेजारी मांडण्याची आहे. एखाद्या कामाचे खरे मोल पाहायचे असेल, तर ते पैसे कमावण्यासाठी किती दिवस राबावे लागते हे पाहावे लागते, आणि त्यासाठी जबलपुरात एक भरवशाचे माप उपलब्ध आहे. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी आणि 1969 ची व्हेइकल फॅक्टरी या केंद्र सरकारच्या आयुध निर्माणी असल्याने तेथील कामगारांना केंद्रीय वेतन आयोगांच्या श्रेणी लागू झाल्या. चौथ्या आयोगानुसार 1986 पासून किमान मूळ वेतन दरमहा 750 रुपये, म्हणजे दिवसाला 25 रुपये होते. सातव्या आयोगाने 2016 पासून ते 18,000, म्हणजे दिवसाला 600 रुपये केले. तेव्हाचे पन्नास रुपयांचे काम म्हणजे दोन दिवसांची कमाई, आणि 2016 मधील हजार रुपये म्हणजे दोन दिवसांपेक्षा थोडी कमीच. याच तीस वर्षांत औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार, म्हणजे कामगार कुटुंबाच्या नेहमीच्या खरेदीतील वस्तूंच्या किमती कशा बदलल्या हे दाखवणाऱ्या सरकारी आकड्यानुसार, महागाई सुमारे दहा पटींनी वाढली, तर हे किमान वेतन 24 पटींनी वाढले.

मात्र हे माप गिऱ्हाइकाच्या ऐपतीचे आहे, मिस्त्रीच्या कमाईचे नाही, कारण रस्त्याकडेच्या गॅरेजमधील मिस्त्री कोणत्याही वेतन आयोगाच्या कक्षेत कधीच नव्हता. जुन्या स्वस्ताईचा एक मोठा भाग त्याच्या हाताखालच्या पोऱ्यांच्या श्रमावर उभा होता. पाने हातात देणारी, रॉकेलमध्ये बेअरिंग धुणारी ही मुले जेवण आणि खाऊचे पैसे यांवर वर्षानुवर्षे काम शिकत, आणि तो खर्च बिलात दिसत नसे. बालकामगारविषयक कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वच व्यवसायांत मनाई केली, केवळ कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्यासारखे मोजके अपवाद ठेवले. मुलांच्या अशा श्रमातून येणारी स्वस्ताई गेली असेल, तर तिची हळहळ वाटण्याचे कारण नाही.

बिलातील मजुरी म्हणजे मिस्त्रीचा पगार, हाही असाच एक समज. त्या रकमेतून जागेचे भाडे, वीज, हत्यारे आणि गाडीच्या संगणकातील बिघाडाचे संकेत वाचणारा स्कॅनर यांचा खर्च निघतो, आणि नोंदणीकृत गॅरेजला तीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लावावा लागतो.

जुन्या गाड्यांना खर्चच नसे, ही समजूत तर सर्वांत लवकर मोडते. कार्बोरेटरच्या काळातील इंजिनात वीजप्रवाह तोडून ठिणगीची वेळ साधण्याचे काम 'पॉइंट' करीत. धातूच्या या दोन टोकांमधील फट मिलिमीटरच्या साधारण चार दशांशाइतकी राहावी लागे. टोके जळून खडबडीत झाली की मिस्त्री ती पॉलिश पेपरने घासून, पातळ पोलादी पात्यांचा फिलर गेज फटीत सरकवून, अंतर पुन्हा जुळवीत असे, आणि हे काम काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा उभे राही. टॅपेट जुळवणे, ग्रीसिंग, आजच्यापेक्षा बऱ्याच लवकर करावे लागणारे तेलबदल आणि कालांतराने सिलिंडर घासून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, हे सगळे त्यात मिळवले, तर एकेक बिल लहान असूनही वर्षाची बेरीज लहान राहत नसे.

सुट्या भागांविषयीची तक्रार मात्र केवळ गैरसमज म्हणून बाजूला सारता येत नाही. पूर्वी डायनॅमो किंवा स्टार्टर उघडून त्याची गुंडाळी नव्याने भरली जाई; आज बहुधा संपूर्ण जोडणीच बदलली जाते, त्यामुळे मजुरीचे तास घटतात आणि भागांचा खर्च वाढतो. अस्सल सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि त्याविरुद्ध कंपन्यांनी वरच्या पातळीवर दाद मागितली. बहुतेक सुट्या भागांवरील 28 टक्के कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या बिलांची तुलना करताना भाग, मजुरी आणि कर ही तीन खाती वेगवेगळी वाचावी लागतात.