व्याज येते कुठून?

भोकरदन तालुक्यातले आमचे धावडा अजिंठ्याच्या डोंगराजवळ, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. मिरची, मका, कापूस विकून पैसा हाती आला, की तो ठेवावा कुठे, हा प्रश्न इथल्या घराघरांत असतो. ठेवी बुडाल्याच्या बातम्यांची कात्रणे मी बरीच वर्षे जमवतो आहे. ती वाचून माझे एक मत झाले आहे. पैसे मागायला कोण आले, यावर आपण विश्वास ठेवतो. व्याज कुठून येणार, हे विचारायचे राहून जाते.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गाजलेली ‘तीस-तीस’ योजना घ्या. डीएमआयसी औद्योगिक पट्ट्यासाठी बिडकीन परिसरातल्या जमिनी गेल्या, शेतकऱ्यांना मोबदला मिळाला आणि त्या पैशावर ही योजना फोफावली. बँकेच्या कितीतरी पट परताव्याचे आमिष होते. २०२२ मध्ये गुन्हा दाखल झाला. अशा योजना सांगणारे बहुधा आपलेच असतात: भाऊबंद, मित्र, गावातला पोरगा. त्यांना सुरुवातीचे हप्ते खरोखर मिळालेले असतात, म्हणून ते मनापासून सांगतात.

या हप्त्यांचा हिशेब सोपा आहे. समजा, एक लाखावर दरमहा दहा हजार मिळतात. सहा महिन्यांत साठ हजार हाती आले, तरी ते आपल्याच लाखातले असू शकतात आणि चाळीस हजार चालकाकडेच उरतात. पुढचे हप्ते नव्या ठेवीदाराच्या पैशातून येतात. नवे येणे थांबले, की दुकान बंद. अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये हेच केले. ४५ दिवसांत ५० टक्के नफा, असे त्याचे वचन होते. त्या दराने पैसे फिरवत राहिले, तर एक लाखाचे वर्षात पंचवीस लाख होतील. इतके देणारे पीक किंवा धंदा कुणी पाहिला आहे? तरीही जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ‘टोरेस’च्या दुकानांपुढे फसलेल्यांची गर्दी झालीच. तिथे खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा मिळणार होता.

सावध माणूस इतक्या मोठ्या आमिषाला भुलत नाही. तो थोड्या जास्त व्याजाला भुलतो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये १२ ते १४ टक्क्यांच्या आशेने मराठवाड्यातल्या लाखो लोकांनी ठेवी ठेवल्या. २०२३ च्या अखेरीस त्या अडकल्या. शाखा, काउंटर, पासबुक पाहून लोकांना ती बँकच वाटली. पण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटीतल्या ठेवीला तो लागू नाही.

गेलेला पैसा परत मिळणे फार अवघड असते. पर्ल्स म्हणजेच पीएसीएल कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली, तरी असंख्य गुंतवणूकदारांना पुढे वर्षानुवर्षे थांबावे लागले.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. व्याज कोणत्या धंद्यातून येणार? देखरेख कुणाची: रिझर्व्ह बँक, सेबी की सहकार निबंधक? बुडाले तर विमा आहे का? रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे का ते पाहता येते, तक्रारही करता येते. ठेवी बुडाल्यास महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. पोलिसांत तक्रार करताना त्याचा उल्लेख करावा. फोनवरून किंवा ऑनलाइन पैसे गेले, तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

आणि कुणी ‘आजच भरा, उद्या योजना बंद’ म्हणाले, तर सरळ सांगावे, “कागद ठेवून जा, घरात विचारून आठवड्याने कळवतो.” खऱ्या व्यवहाराचे आठवड्याने काही बिघडत नाही.