जुन्या संगणकाची स्मृती

वाशिम, कारंजा वा रिसोड येथील एखाद्या दस्तलेखकाच्या टेबलावर दहा-बारा वर्षे इमानेइतबारे राबलेला डेस्कटॉप मंदावला, म्हणजे तो भंगारात काढण्याची घाई करण्यापूर्वी त्याची रॅम वाढवून पाहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र ही खरेदी केवळ अंदाजाने करता कामा नये. रॅमच्या डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही प्रकारांच्या पट्टीला २४०च संपर्कबिंदू असले, तरी पहिलीस १.८ व्होल्ट आणि दुसरीस १.५ व्होल्ट दाब लागतो, व त्यांची गल्लत होऊ नये म्हणूनच कडेची खाच भिन्न जागी ठेवलेली असते. २८८ बिंदूंची डीडीआर-४ तर सर्वस्वी निराळी. म्हणून जुनी पट्टी काढून तिच्यावरील चिठ्ठी वाचावी: ‘पीसी३-१२८००’ याचा अर्थ १६०० वेगाची डीडीआर-३, कारण १६०० गुणिले ८ म्हणजे १२८००. अधिक वेगाची पट्टी बहुधा मदरबोर्डाच्या मर्यादेइतक्याच वेगाने चालते. सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या स्वस्त मिळाल्या तरी सामान्य डेस्कटॉपला निरुपयोगी होत. ३२-बिट विंडोजची सर्वसाधारण मर्यादा ४ जीबी. तेथे ८ जीबी बसविणे हा निव्वळ अपव्यय.

पट्टी बसविताना वीजजोडणी काढावी आणि प्रथम पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, कारण वऱ्हाडातील कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर विद्युत चिपला अपाय करू शकते. मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटेपर्यंत पट्टी सरळ दाबावी.