ठिसूळ हाडं आणि दवाखान्यातला वजनकाटा

मारेगावच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर दुखली, की दोष वाकून केलेल्या कामाला जातो. बहुतेकदा तो खराही असतो. पण साठीनंतर उंची दीड इंच घटली, पाठीला बाक आला, तर हाडांच्या ठिसूळपणाची शंका घ्यावी. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की निदान पक्कं. हे यंत्र तालुक्याला सहसा नसतं. तिथे वजनकाटा कामी येतो. पाळी गेलेल्या बाईच्या वजनातून वय वजा करून ०.२ने गुणायचं. वजन ४० किलो, वय ६८, तर उत्तर उणे ५.६. उणे ४च्या खाली धोका मोठा. आणि उभ्या जागी पडून खुबा मोडला, दुसरं कारण नसलं, तर यंत्राची वाट कशाला बघायची?

उपचारात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बहुधा आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम अ‍ॅलेन्ड्रोनेट. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, चहाच्या आधी. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. मूत्रपिंडं फार अधू असतील तर ही गोळी नको.

मारेगाव ज्यात येतं त्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोम आहे. काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. त्याने हाड एक्सरेत दाट दिसतं, भक्कम असेलच असं नाही. म्हणून पाणी कुठल्या बोअरचं पिता, हेही डॉक्टरांना सांगावं.